आधी आयका, मंग न्हा

उंबऱ्यापासून चार पावलं अलीकडे ती थांबायची. लाल आलवणाचा पदर कपाळावर ओढायची, घसा खाकरायची आणि हाक द्यायची, "घरात कोन हाये? आधी आयका, मंग न्हा!"

ही हाक आली की आमच्या गल्लीतल्या बायका चुलीवरचं भांडं उतरवून ठेवायच्या आणि पुरुष मागच्या दारानं सटकायचे. नात्यातलं कोणीतरी गेलेलं असणार हे नक्की. आणि ते ऐकलं की अंगावरच्या कपड्यांनिशी न्हायचं, आणि मग सुतक लागणार.

तुम्हाला हा हिशेब ठाऊक असेलच, तरी सांगते. आपल्याकडे माणूस मेला म्हणून सुतक लागत नाही, तो मेल्याचं कानावर आलं की लागतं. भावकीतला असेल तर दहा दिवस देवपूजा बंद, गोडधोड बंद, लग्नमुंजीचं तर नावच नको. पण दहा दिवस कान वाचवले आणि मग कळलं, तर थोडक्यात भागतं. शास्त्रानं एवढी पळवाट ठेवल्यावर तिचा हमरस्ता करणार नाहीत ती आमच्या गावची माणसं कसली!

तिला सगळे मावशी म्हणत. बुलढाण्याच्या आमच्या गल्लीत, देवळामागच्या खोलीत ती एकटी राहायची आणि लोकांची दळणं दळायची. लहानपणीच विधवा झालेली, केशवपन केलेली. सकाळी तिचं तोंड पाहू नये म्हणत. म्हणूनच त्या तोंडाला शोभेलसं काम लोकांनी तिला नेमून दिलं होतं, मरणाचा निरोप घरोघर पोचवायचं. सगळा अपशकुन एकाच जागी गोळा राहतो, अशी ती सोय.

मावशीनं मात्र ते काम फार इमानानं केलं. ऐकीव बातमी तिनं कधी दिली नाही. परगावचा निरोप असला तर गाडीवानाला ती तीन-तीनदा उलटून विचारायची. "बातमी कच्ची वाढू नये, पोटात दुखते," असं म्हणायची. मावशी बोलली ते खरं, याबद्दल गावात दुमत नव्हतं. तिच्यापाशी दुसरी इस्टेट नव्हती, ही एवढीच.

आणि तिचा निरोप मेलेल्यापाशी संपत नसे. "गेला तो गेला. मांगं त्याची बायको तापानं पडून हाये, लेकरू उपाशी हाये. पेज कोन नेऊन देते ते सांगा, मंग मी जातो," असं म्हणून ती तिथंच उभी राहायची. लोकांना सुतकापेक्षा याचीच जास्त धास्ती होती, असं मला वाटतं.

मग मानमोडीचं साल आलं. सकाळी कणकण, दुपारी ताप आणि मान टाकून माणूस आडवा. घरोघरी माणसं पडली. मावशीला दिवसभर बसायला फुरसत मिळेना, आणि गल्लीला लपायला जागा पुरेना. कोणी कोठीत शिरे, कोणी कानात कापसाचे बोळे घालून जप करीत बसे. आमचे भटजी तर म्हणत, "कान झाकलेले असले की शब्द आला तरी तो श्रवणात धरत नाहीत." श्रवणात धरलं तर त्यांची दक्षिणा बुडायची, हे ते सांगत नसत.

माझे वडील, अण्णा, कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखं. नागपूरहून आलेला साथीचा हुकूम मराठीत उतरवून त्याची पत्रकं त्यांनीच लिहून काढली. गर्दी करू नये, खोकणाऱ्यानं घरात राहावं, आजाऱ्याची खबर ताबडतोब द्यावी. पत्रकं शाळेच्या दारावर लागली, बाजारात लागली. ज्यांना वाचता येत होतं ते अंथरुणावर होते, आणि जे बाजारात होते त्यांना वाचता येत नव्हतं. मावशी आजाऱ्यांची खबर द्यायला कचेरीत गेली, तर साहेब यायच्या वेळी हे तोंड समोर नको म्हणून चपराशानं तिला फाटकातूनच परत धाडली.

संध्याकाळी घरी बसून, त्याच शाईनं, अण्णा माझ्या लग्नाची आमंत्रणं लिहीत होते. सहकुटुंब सहपरिवार येऊन मंडपास शोभा आणावी, वगैरे.

आईनं भीत भीत विचारलं, "अहो, पत्रकात तर गर्दी करू नका म्हटलंय ना?"

"पत्रक लोकांसाठी असतं," अण्णा म्हणाले.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. सोनाळ्याचं स्थळ होतं, मुलगा शिकलेला, घरी शेतीवाडी. तुळशीचं लग्न लागलं की पहिलाच मुहूर्त धरला होता. मला नव्या जरीच्या परकराचं अप्रूप होतं, त्यापलीकडे काही कळत नव्हतं.

त्याच सुमारास सोनाळ्याकडून एक गाडीवान सरकी घेऊन आला. मावशीचं माहेर तिकडचं. तिनं त्याला रीतीप्रमाणे तीनदा उलटून विचारलं आणि सरळ आमच्या घरासमोर येऊन उभी राहिली.

"अण्णासाहेब, नवरदेव मानमोडीनं पडला हाये. रक्ताची थुंकी पडून राह्यली. घरचे लपवून राह्यले. लगन फुडं ढकला."

अण्णा हसले. "मावशी, आजारी तर अर्धं बुलढाणं आहे. सगळ्यांचीच लग्नं मोडायची का? होईल बरा. लग्नाच्या गोंधळात ताप कुठल्या कुठं जातो."

मग आईकडे वळून ते म्हणाले, "हिला दुसऱ्याचं सौभाग्य बघवत नाही." मावशी ऐकते आहे हे त्यांना दिसत होतं.

मला तिचं वाईट वाटलं. दुपारी मी तिच्या खोलीत गेले. ती जात्यावर बसली होती. काय बोलावं सुचेना, म्हणून मी विचारलं, "मावशी, तुझ्या लग्नात वाजंत्री होती का गं?"

"होती ना. लई जोरात होती," जातं न थांबवता ती म्हणाली. "नवरदेव खोकलला तं कोनाले आयकू येऊ नये म्हून."

एवढं बोलून तिनं खुंटा धरून जातं आणखी जोरानं फिरवलं. मी घरी येऊन परकराची घडी उलगडून पाहिली आणि पुन्हा ठेवून दिली.

इकडे अण्णांच्या मनात वेगळीच पाल चुकचुकत होती. दुसरबीडचे तात्या, म्हणजे अण्णांचे थोरले चुलतभाऊ, कुठलंही कार्य असलं की आठ दिवस आधी येऊन पंगतीचा अंदाज घेणारे. त्यांचा अजून पत्ता नव्हता. त्यांचं काही बरंवाईट झालं असेल आणि ते मावशीच्या तोंडून आलं, तर दहा दिवसांचं सुतक आणि मुहूर्त गेला. एकदा देवक बसलं की मग सुतक आलं तरी लग्न अडत नाही. तोवर कान सांभाळायचे होते.

अण्णांनी मग अशी तोड काढली की कचेरीत त्यांना बढती मिळायला हवी होती. वाजंत्री त्यांनी दोन दिवस आधीच आणून ओट्यावर बसवली. मावशी गल्लीच्या तोंडाशी दिसली की वाजवायचं, एवढंच काम. ती यायची, तोंड उघडायची, की सनई आणि ताशा एकदम सुरू. गावातली पोरं ही गंमत बघायला जमायची. गर्दी करू नये असं लिहिणाऱ्या माणसाच्या दारात साथीच्या दिवसांतली सगळ्यात मोठी गर्दी होती.

देवक बसायच्या दिवशी सकाळी मावशी आली. ताशा सुरू झाला. पण त्या दिवशी तिनं हाक मारलीच नाही. ती समोर रस्त्यातच मांडी घालून बसली, घरचं दळण निवडत असल्यासारखी शांत. वाजवणाऱ्यांचे हात भरून आले. भटजींनी घाईघाईनं तांदूळ मांडायला घेतले. मी नाहून पाटावर बसले होते, केसांतून पाणी गळत होतं.

आणि सनईवाल्याला खोकला आला. साधा नव्हे, कमरेत वाकवणारा. सनई त्याच्या हातातून गळाली. ताशेवाला त्याची पाठ चोळायला वळला. तेवढ्यात मावशी उठून उभी राहिली.

"दुसरबीडचे तात्या गेले!"

अण्णांचे हात कानांकडे निघाले होते, ते वाटेतच राहिले. "मी नाही ऐकलं," ते म्हणाले. भटजी तांदळाकडे बघत पुटपुटले, "ताशाचा आवाज फार होता, नाही का?"

तेव्हा माझी आई उठली. अण्णांपुढे जिनं कधी मान वर केली नव्हती ती आई. पाण्याची बादली तिनं उचलली आणि अंगावरच्या नव्या लुगड्यासकट डोक्यावर ओतून घेतली.

"मी ऐकलं," ती म्हणाली.

ओल्या बाईला घेऊन देवक कसं बसवायचं, याचा तोडगा भटजींच्या पोथीत नव्हता. लग्न पुढं गेलं. आईनं माझे केस त्या दिवशी फार वेळ पुसले.

सुतक अर्ध्यावर आलं असताना सोनाळ्याचा माणूस आला. नवरा मुलगा गेला होता. लग्न ठरल्या दिवशी लागलं असतं तर अकराव्या वर्षी माझ्या डोक्यावरून वस्तरा फिरला असता, हे मला बऱ्याच वर्षांनी नीट समजलं. तेव्हा परकर वापरायला मिळणार की नाही, याचीच काळजी होती.

आणि सुतकाच्या दहाव्या दिवशी दारात एक खटारा थांबला. त्यातून काठी टेकत, वाळून कोळ झालेले, पण चांगले जिवंत तात्या उतरले. मानमोडीतून वाचून उठले होते.

घरातले उतरलेले चेहरे बघून त्यांनी विचारलं, "काऊन रे, कोन गेलं?"

आई म्हणाली, "तुम्हीच."

तात्या ओट्यावर बसून हसले ते हसलेच. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, या आनंदात त्यांनी स्वतःच्या सुतकाच्या दहाव्या दिवशी स्वतः शिरा मागून खाल्ला.

गाव मात्र हसलं नाही. मावशी खोटं बोलली! महिनाभर खऱ्या बातमीला कानात बोळे घालून बसलेली माणसं एका खोट्या बातमीवर अशी खवळली की विचारू नका. "मरणाची बातमी खोटी देते म्हणजे काय!" असं भटजी देवळात मोठ्यानं म्हणाले. माझं काय वाचलं, हे कोणाच्या बोलण्यात आलं नाही. अण्णांनी तिला पुन्हा दारासमोर उभं राहायचं नाही म्हणून बजावलं.

मावशीनं खुलासा केला नाही. मी एकदाच तिला विचारलं, तर म्हणाली, "आजाराचं सुतक नसते ना बाई. मंग मेलेला मानूस आनावा लागला. घरचाच आनला, त्यातल्या त्यात म्हातारा पाह्यला."

तिची एकुलती इस्टेट अशी गेली. ती हाक द्यायची, आतून कोणीतरी ओरडायचं, "खरं कशावरून?" मग ती म्हणायची, "माह्यावर इस्वास नका ठिऊ. पन तिकडं पानी नेऊन द्या." हे ती साथ सरेपर्यंत म्हणत राहिली. काही जण पाणी द्यायचे, आणि वाटेत तिला नावं ठेवायचे.

मुहूर्तावर नवरा गेलेली म्हणून मला पुढं स्थळं येईनात. कंटाळून अण्णांनी शाळेत घातलं. मी शिकले, मास्तरीण झाले, लग्नही सावकाश, माझ्या मर्जीनं झालं. त्या सगळ्याच्या मुळाशी मावशीचं ते एक खोटं आहे, आणि ते मला माझ्या सगळ्या शिक्षणापेक्षा मोठं वाटतं.

मावशी गेली तेव्हा मी सुटीत माहेरी आले होते. देवळामागं तिच्या खोलीत, सकाळी. खांदेकरी जमवायचे तर गावाला कळवायला हवं होतं, आणि कळवायचं काम करणारीच आत निजली होती. तेव्हा मी निघाले. प्रत्येक दारात जाऊन सांगितलं. बहुतेकांनी एकच विचारलं, "आपल्याला लागत नाही ना तिचं?" लागत नाही म्हटल्यावर त्यांना फार हळहळ वाटली.

शेवटी आमचं घर. आई तोवर राहिली नव्हती. अण्णा ओट्यावर बसले होते, पेन्शनीत निघालेले, आणि आता खरोखरच कानांनी अधू. मी उंबऱ्यापासून चार पावलं अलीकडे थांबले.

"अण्णा, आधी ऐका, मग न्हा."

त्यांनी कानामागं हात धरला. "काय?"

"मावशी गेली."

"कोणाची मावशी?"

"देवळामागची. आपली."

नात्याची नाही, गोत्राची नाही, नुसत्या हळहळीवर भागलं असतं. "तुम्हाला ऐकू आलं ना?" मी विचारलं.

"मी ऐकलं," अण्णा म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, साऱ्या गल्लीत गेला.

मग काठी टेकत ते विहिरीकडे गेले. थंडीचे दिवस होते, मी पाणी तापवते म्हणाले, पण त्यांनी हातानंच नको म्हटलं, आणि अंगातल्या सदऱ्याधोतरासकट पहिला तांब्या डोक्यावर ओतून घेतला.