घडी विस्कटलेल्या बायका

लाँड्रीत दोघी जावा एकत्र कामाला होत्या. आधी सगळ्या दोघींनाही वहिनी म्हणत, पण एक हाक मारली की दोन माना वळायच्या. म्हणून मग एक थोरली झाली आणि एक धाकटी. घरीही त्या शेजारशेजारच्या खोल्यांत राहायच्या. मध्ये एकच भिंत, तीही इतकी पातळ की एकीला शिंक आली तर दुसरी पलीकडून म्हणायची, "झाकून शिंक गं!"

कपडे यायचे हॉस्पिटलांचे आणि हॉटेलांचे. खाली धुलाई, वर इस्त्री. वरच्या हॉलमध्ये वाफेवर तापणारा एक लांबलचक रोलर होता. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून त्याच्या तोंडाशी लावायची. पलीकडे ती कडक होऊन निघाली की दुसऱ्या दोघींनी घडी घालायची. थोरली आणि धाकटी ही चादर लावणारी जोडी. एकीनं हनुवटी जरा उचलली की दुसरी हात सोडायची. बोलावंच लागायचं नाही. तोंडं मोकळी, म्हणून दुनियाभरच्या गप्पा चालायच्या.

एक दिवस धाकटी तापानं घरी राहिली आणि तिच्या जागी एक तरुण बाई उभी केली. तिला सगळ्या हसरी म्हणत. चादरीची कड बोटाला गुंडाळली गेली आणि चादरीबरोबर हातही आत ओढला गेला. बटण होतं पार भिंतीवर. थोरली धावली, पण बटण दाबेपर्यंत हात मनगटापर्यंत गेला होता. हसरीला गाडीत घालून नेलं. जेवणाच्या सुट्टीआधीच रोलर पुन्हा सुरू झाला. ती चादर खाली पाठवली, पुन्हा धुतली आणि बाकीच्यांबरोबर हॉटेलात गेलीसुद्धा.

त्या दुपारी नळावर डबे घासताना थोरली म्हणाली, "रोलरच्या तोंडाशी दांडी बसवतात. हात लागला की मशीन जागच्या जागी थांबतं. ती बसेपर्यंत उद्यापासून कुणी चादर लावायची नाही."

"तुझा नवरा कमावता आहे, तुला बोलायला काय जातंय?" एक जण म्हणाली.

"माझा नवरा? त्याला भाजी कोणती करू विचारलं तरी घाम फुटतो. त्याच्या जिवावर उड्या मारते होय मी?"

सगळ्या हसल्या. हसता हसता एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी धाकटी अंगात कणकण असतानाही आली आणि जावेच्या शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. तिचं बघून बाकीच्याही उभ्या राहिल्या. ओल्या चादरींचे ढीग साचले, त्यांना कुबट वास सुटला. हॉस्पिटलमधून फोनावर फोन यायला लागले, तेव्हा मालक वर आला. मालक मऊ बोलणारा होता.

"तुम्ही सगळ्या मला बहिणीसारख्या."

"मग बहिणींचे हात शाबूत ठेवा, भाऊ," थोरली म्हणाली.

दांडी बसली. त्यानंतर बायका दर रविवारी थोरलीच्या खोलीत जमायला लागल्या. पलंगावर, जमिनीवर, उंबऱ्यावर, मिळेल तिथे बसायच्या. त्यांनी रीतसर संघटना केली. तो शब्द पहिल्यांदा उच्चारताना त्यांना हसूच यायचं. बाथरूमला जायला परवानगी मागणं बंद झालं. हसरी एका हातानं का होईना परत कामावर आली. तिला अभ्रे मोजायचं टेबल मिळालं. मालकाशी बोलायला जाताना थोरली केस विंचरून जायची आणि परत आली की धाकटी तिला आधी पाणी द्यायची. थोरलीच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ. तिला वाटलं, आता घडी बसली.

मालकानं ती मोडली, पण आवाज न करता.

आधी त्यानं दोन पाळ्या केल्या. अर्ध्या बायका सकाळी, अर्ध्या दुपारी. जिवाभावाच्या मैत्रिणी आता फाटकात एकमेकींना ओलांडून जायच्या. मग कुजबुज सुरू झाली. सकाळच्या बायकांना कळायचं की दुपारच्या जास्त काम करून दाखवतात. दुपारच्यांना कळायचं की सकाळच्या त्यांना कामचुकार म्हणतात. आणि मग एक दिवस हॉलच्या खिडकीपाशी एक खुर्ची आली. देखरेखीची खुर्ची. ती धाकटीला दिली.

त्या संध्याकाळी धाकटी थोरलीकडे आली आणि तिनं साडी पोटरीपर्यंत वर केली. उभं राहून राहून तिच्या पायांच्या शिरा दोरासारख्या फुगल्या होत्या.

"ताई, बघ माझे पाय. मला उभं राहवत नाही गं. तुला दिली असती खुर्ची तर मी काही म्हटलं नसतं."

थोरलीला ते पाय माहीत होते. कितीतरी वेळा तिनंच त्यांना तेल चोळलं होतं. तरी ती म्हणाली, "बस खुर्चीवर. पण विकल्या गेलेल्यांनी माझ्या दारात यायचं नाही."

रविवारचं बोलणं सोमवारी मालकाला कळतं, अशी बातमी त्यानंतर पसरली. धाकटीनं सांगितलं की आणखी कुणी, की मालकानं नुसती वावडीच उठवली, ते कधीच कळलं नाही. कळायची गरजही उरली नाही. बायका आल्या की कोण आलं नाही ते आधी बघायच्या आणि मग तोंडाला कुलूप लावून बसायच्या. पुढे येईनाशाच झाल्या.

दांडीमुळे जाड चादरी अडकतात, काम खोळंबतं, म्हणून एक दिवस दुरुस्तीच्या नावाखाली ती काढली. पुन्हा बसवली नाही. थोरली सकाळी रोलरसमोर हाताची घडी घालून उभी राहिली. एकटीच. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तिच्या जागी दुसरी बाई आली.

"ताई, बाजूला सर," खुर्चीतून धाकटी म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती. "चादरी थांबल्यात."

थोरली बाजूला सरली. नंतर अनेकदा ती स्वतःला विचारायची की मी का सरले. तिला तिथून काढून खाली टाकलं, हॉस्पिटलच्या मळक्या चादरी निवडायला. तिथे बोलायला कुणीच नव्हतं.

कुणीतरी सांगितलं म्हणून ती एका वकीलबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सरकारी भाषेत तुम्ही अनऑर्गनाइज्ड कामगार. म्हणजे ज्यांची संघटना नाही असे."

"पण बाई, होती ना आमची!"

"मग खरं तर डिसऑर्गनाइज्ड म्हणायला हवं. शब्द जुळ्या बहिणींसारखे दिसतात, पण एक नाहीत. पहिल्यात घडी कधी घातलेलीच नसते. दुसऱ्यात ती घातलेली असते आणि विस्कटलेली असते."

"त्यानं काय फरक पडतो?"

"खोटं नाही सांगत तुम्हाला. ज्यांनी कधी काही केलंच नाही, त्यांच्याकडे मी शंभर वेळा जाते. आज हसतात, उद्या येतात. पण एकदा मोडलेल्या बायका परत येताना मी फारशा बघितल्या नाहीत. त्यांच्या मनात एकमेकींपैकी प्रत्येकीच्या नावाचा एक राग असतो."

थोरलीला ते पटलं नाही. संघटना पुन्हा उभी करायला ती दारोदार फिरली. एकीनं आतूनच नाही म्हणून सांगितलं. दुसरीनं चहा दिला, पण विषय निघताच कपबशी उचलली. शेवटी ती हसरीकडे गेली. ही तरी नाही म्हणणार नाही, असं तिला वाटलं होतं.

"माझं टेबल काढून घेतलं, मला घरी बसवलं, तेव्हा तू कुठे होतीस?" हसरीनं विचारलं.

"मला कळलंच नाही गं. तू दुपारच्या पाळीला..."

"कळलं नाही? तूच म्हणालीस ना, एका हाताची बाई सगळ्यांना मागे खेचते?"

"मी? कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांनी," हसरी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

घरी नवरा म्हणाला, "सोड आता. लोकांना नकोय तर तू कशाला जीव जाळतेस?" ताट पुढे घेऊन थोरली नुसतीच बसून राहिली.

पुढच्या वर्षी मालकानं खुर्चीवर आपल्या नात्यातली एक मुलगी आणून बसवली आणि धाकटीला पुन्हा रोलरवर उभं केलं. त्या आठवड्यात एका संध्याकाळी धाकटी थोरलीच्या दारात आली. पायांना फडकी गुंडाळलेली होती. आत ये म्हणायची वाट बघत ती चौकटीला धरून उभी राहिली.

"ताई, माझं चुकलं. आता मी तुझ्याबरोबर आहे. तू म्हणशील तेव्हा उभी राहीन. आणखी दोघी-तिघी तयार होतील."

हेच ऐकायला थोरली दारोदार फिरली होती. आता ते तिच्या स्वतःच्या दारात आलं होतं. ती जावेच्या तोंडाकडे बघत राहिली. खरं बोलतेय की तिला कुणी पाठवलंय? खुर्ची गेली म्हणून आलीय का? उद्या खुर्ची परत मिळाली तर? एकेक प्रश्न आत वळवळत होता आणि तो थांबवणं तिच्या हातात नव्हतं. मोडलेल्या बायका म्हणताना वकीलबाई बाकीच्यांबद्दल बोलतायत, असंच ती इतके दिवस समजत होती.

"बघू," ती म्हणाली.

"बघू म्हणजे कधी, ताई?"

थोरली आत वळली. धाकटी भिंतीला धरून धरून आपल्या खोलीत गेली. सकाळी एक वर गेली, एक खाली गेली, आणि पुन्हा त्या दोघी या विषयावर कधीच बोलल्या नाहीत.