वाकड्या नाकाने अंदमानात

नागपूरच्या धंतोलीत माझा कान-नाक-घशाचा दवाखाना आहे. कानात काडी घालू नका, तेल टाकू नका, नाक जोरात शिंकरू नका, हे मी विदर्भभरातून येणाऱ्या पेशंटना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. कोणी ऐकत नाही, म्हणून माझं बरं चाललं आहे.

काही वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या एका बैठकीत मी पाण्याखालच्या दाबाचा कानावर काय परिणाम होतो, यावर व्याख्यान दिलं. नागपूरहून समुद्र सगळ्याच बाजूंनी लांब, त्यामुळे हरकत घेणारं कोणी नव्हतं. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, सर, तुम्ही किती खोल गेला आहात? जायचं आहे एकदा, असं मी म्हणालो आणि विसरलो. शेजारी उभी असलेली बायको विसरली नाही. त्या हिवाळ्यात आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिनं अंदमानची तिकिटं काढली.

बायको काटोलकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. शाळेत गणित शिकवते. पोहता येत नाही. सक्करदऱ्याच्या तलावावर फिरायला गेलो तरी काठापासून चार हात लांबून चालते. तिचा बेत साधा होता: मी पाण्यात जाणार आणि ती वाळूवर बसून नारळपाणी पिणार.

बेटावरचं डायव्हिंग सेंटर म्हणजे पत्र्याची एक शेड होती. दोरीवर रबरी पोशाख वाळत घातलेले. आम्हाला शिकवणारी बाई तिथल्याच एका बंगाली कुटुंबातली, तिशीची, कमी बोलणारी. मी कानाचा डॉक्टर आहे हे कळल्यावर तिला हायसं वाटलं. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची, म्हणजे कान मोकळे होतात, हे तिनं मलाच सांगायला लावलं. मी आकृती काढून सांगितलं. ऐकणारी एकटी माझी बायको होती. पोहता न येणाऱ्याला चालतं का, असं तिनं मध्येच विचारलं. चालतं, आम्ही धरूनच नेतो, असं उत्तर मिळालं. तेव्हा ती मला म्हणाली, “इतक्या दूर आलो तं घालून पाह्यतो.” आणि पोशाख घालायला गेली.

होडीतून आधी मी उतरलो. माणूसभर खोल गेलो असेन नसेन, डावा कान ठणकायला लागला. नाक धरून हवा ढकलली. उजवा कान उघडला, डावा नाही. थोडं वर येऊन पुन्हा प्रयत्न केला. आवंढा गिळला, जबडा हलवला, व्याख्यानात दाखवलं होतं ते सगळं केलं. तोंड न उघडणाऱ्या पेशंटकडे मी ज्या नजरेनं बघतो, तीच नजर मला त्या बाईच्या मास्कमागे दिसली. शेवटी तिनं मला वर आणलं.

होडीत मी तिला कारण समजावून सांगितलं. कॉलेजात क्रिकेटचा चेंडू लागल्यापासून माझ्या नाकाचा पडदा डावीकडे वाकडा आहे आणि ऑपरेशन राहून गेलंय. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत सल्ला दिला, की एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवून घ्या.

मग ती बायकोला घेऊन गेली. मी वरून बुडबुडे बघत बसलो. कानाला, फुप्फुसाला काय काय होऊ शकतं, ते सगळं मला पाठ होतं. त्यामुळे माझी भीती अगदी शास्त्रशुद्ध होती. भीतीच्या खाली दुसरंही काही होतं: हीही लगेच वर येईल, अशी आशा. आणि ती आलीच. मी धीर द्यायला हात पुढे केला, तर तोंडातली नळी काढून ती त्या बाईवर उखडली, “काहून वर आणलं मले?”

झालं होतं असं, की खाली तिला कासव दिसलं आणि आनंदानं तिनं अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. सकाळी हे सांगितलेलं ती विसरली होती. दोघी हसल्या आणि पुन्हा गेल्या. या खेपेला बराच वेळ आल्या नाहीत.

संध्याकाळी जेवताना मी तिला कान दुखला का विचारलं. कानाचं ध्यानातच नव्हतं, म्हणाली. थोड्या वेळानं आपणहून बोलली, “ते कासव तळाचं गवत खात होतं. त्यानं माह्याकडे पाह्यलंच नाही. घरी म्हणा, शाळेत म्हणा, मी आली का सारे मान वर करते, कोणाले ना कोणाले काहीतरी पाहिजेच असते. त्याले काहीच नको होतं.”

मी भात वाढून घेतला.

नागपूरला आल्यावर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. नाक शिंकरू नका, असं तो मला पेशंटशी बोलतात तसं सावकाश सांगत होता. दोनच दिवसांत मी शिंकरलं आणि रक्त आलं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. वारा सुटला होता, पाणी ताकासारखं गढूळ. बायकोनं एकदा बघितलं आणि चहाच्या टपरीवरच थांबायचं ठरवलं. मी उतरलो. दोन्ही कान सुरळीत उघडले. तळाशी पोचलो तेव्हा मला शिकवणाऱ्या त्याच बाईच्या पायातले रबरी पंख, थोडी वाळू आणि वाळूत पडलेली एक समुद्रकाकडी, म्हणजे काकडीच्या आकाराचा मऊ प्राणी, दिसली. ती हलत नव्हती. मी तिच्याजवळ गुडघे टेकले आणि हवा संपत येईपर्यंत तिथून हललो नाही.

वर येऊन टपरीवर गेल्यावर बायकोनं काय काय दिसलं ते विचारलं. मी समुद्रकाकडीचं सांगितलं.

“मंग इतका वेळ काय करून राह्यले होते?”

“काही नाही,” मी म्हणालो. “बसलो होतो.”

ती बाकावर थोडी सरकली आणि टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला.