गड्याचा खुराक

कुत्रा आणायचं भावानं ठरवलं, हट्ट मुलांनी केला आणि तो आल्यावर त्याची शी काढायचं काम माझ्याकडे आलं. हे कोणी ठरवलं नव्हतं. मी घरून काम करते, माझं लग्न झालेलं नाही आणि नाही म्हणायला मला वेळ लागतो. तेवढ्या वेळात काम अंगावर पडलेलं असतं.

ग्रेट डेनचं पिल्लू होतं. आलं तेव्हा भाचा पहिलीत होता, भाची दोन वर्षांची. वहिनी कुरुंदवाडकडची. तिच्या माहेरी कुत्री गोठ्याजवळ असतात, उंबरा ओलांडत नाहीत. पिल्लाचे पंजे बघून ती भावाला म्हणाली, "कुत्रं आणतो म्हणाला होतासा. हे रेडकू कुठनं आणलं?" त्याच्या वंशावळीचा कागद होता, त्यावरचं नावही चांगलं होतं, पण पप्पा पहिल्या दिवसापासून त्याला गडी म्हणायला लागले आणि तेच राहिलं.

पप्पा तरुणपणी तालमीत होते. पुढं नोकरी केली, निवृत्त झाले, गुडघे गेले. आई गेल्यापासून ताटातलं अर्धं ठेवून उठायचे. गडी आल्यावर मात्र ते सकाळी लवकर उठून स्वयंपाकघरात खुडबुड करायला लागले. बदाम भिजवलेले असायचे, ते दगडी कुंडीत घोटायचे, म्हशीच्या दुधात कालवायचे, वर तूप. बुधवारी आणि रविवारी मटणाचा रस्सा, अळणी, त्याच्यासाठी वेगळा काढलेला. दुपारी अंडी. पैलवानाला देतात तसा खुराक, फक्त जोर-बैठकांशिवाय.

पिल्लाच्या खाण्याच्या पिशवीवर इंग्रजीत लिहिलं होतं की मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढू द्यावं, वरून दूध, कॅल्शियम काही देऊ नये. मी ते वाचून पप्पांना सांगितलं. माझं मराठी घरात नेहमीच हळू आवाजात चालतं. शाळा इंग्रजी, त्यामुळे भांडणाचे शब्द मला मराठीत पटकन सापडत नाहीत आणि इंग्रजीत भांडलं की सगळे हसतात. पप्पाही हसले. "पिशवीवाल्याला काय कळतंय? एवढं हाडापेरानं थोर जनावर, ते काय बिस्किटावर वाढतंय व्हय?"

तो वाढला. आठवड्याला पट्ट्याचं भोक बदलावं लागायचं. रंकाळ्यावर फिरायला नेलं की माणसं थांबायची. मला अनोळखी माणसांशी बोलायचा कंटाळा येतो, पण एवढा कुत्रा हातात असला की सगळं गाव तुमच्याशी बोलतं. "ताई, घोडं हाय का कुत्रं?" "काय घालतासा हो?" मी मान हलवून पुढं जायची. पप्पा बरोबर असले की तिथंच उभे राहून बदामापासून सगळं सांगायचे. संध्याकाळी फाटकाशी त्यांचे तालमीतले दोस्त बसायचे. त्यातले एक काका गड्याच्या मानेवर थाप मारून म्हणायचे, "पैलवान केलासा की! आता लंगोट तेवढा बांधा."

पावसाळा संपता संपता तो पुढच्या उजव्या पायानं लंगडायला लागला. पाय मनगटापाशी बाहेर वळला होता. बसताना कण्हायचा, उठताना दोनदा विचार करायचा. पप्पांनी दूध वाढवलं.

त्या दिवशी तो हॉलमध्ये आडवा पडला होता. भाची पळत आली आणि रोजच्यासारखी त्याच्या अंगावर पडली. तिचा गुडघा त्याच्या त्या पायावर आला. तो ओरडला, मान फिरवली आणि त्याचे दात तिच्या गालाशी वाजले. चावला नाही. गालावर फक्त त्याची लाळ होती. मी दोन पावलांवर होते, मी पाहिलं. पण भाची किंचाळली आणि वहिनी कणकेच्या हातानं धावत आली, आणि तिनं जे पाहिलं ते तिच्या दृष्टीनं खरंच होतं.

ती आरडाओरडा करत नाही. मुलीचा गाल तीनदा पुसला, मग भावाला म्हणाली, "भाऊबीजेला माझा भाऊ येतोय गाडी घेऊन. जाताना ह्याला नेईल. रानात राहील."

रानात म्हणजे साखळीला. आणि त्या पायानं साखळीला. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. घरात कुणाला काही सुचलं नाही की सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हणाले, "वहिनी, त्याला दुखतंय म्हणून झालं. दुखणं थांबलं आणि तो पोरांजवळ शांत राहिला, तर?"

"तर बघू," ती म्हणाली. "तोवर हिच्याजवळ सोडायचा न्हाई."

डॉक्टरांनी एक्सरे काढला. ते म्हणाले, हाडं फार लवकर वाढली, वजन पायांना झेपत नाही, पाय पूर्ण सरळ होईल असं नाही, पण वजन उतरलं तर दुखायचं थांबेल. दूध बंद, रस्सा बंद, मोजून खाणं, थोडं चालणं. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत.

त्यानंतरच्या दिवसांचं मला नीट काही आठवत नाही, फक्त थकवा आठवतो. हॉल आणि मागची खोली यांच्यामध्ये लाकडी फळ्यांचं दार बसवलं. मी लॅपटॉप घेऊन त्या दाराशी बसायची. मीटिंगमध्ये माझ्या मागून कण्हणं ऐकू यायचं आणि मी माइक बंद करायची. एका बाजूला भाची फळ्यांतून हात घालायची, दुसऱ्या बाजूला तो हात चाटायला सरकायचा, आणि मी दोघांना मागं ओढायची. भाचा शाळेतून आला की शंभर प्रश्न. कपड्यांवर केस, औषधाचा वास, जेवण उभ्यानं.

आणि वजन उतरेना. डॉक्टरांच्या काट्यावर उलट थोडं वाढलंच. घरी येऊन मी त्याचं तोंड पुसलं, तर ओठाच्या घडीत साय होती.

पप्पा फाटकाशी दोस्तांत बसले होते. मी घरात थांबून त्यांना आत बोलवायला हवं होतं, पण मला माहीत होतं, आत आले की ते हसतील आणि मी गप्प बसेन. म्हणून तशीच बाहेर गेले.

"पप्पा, त्याला दूध देऊ नका."

"वाटीभर दिलं. उपाशी मारतीस काय त्याला? ती भूक बघवत न्हाय मला."

काका म्हणाले, "अगं पोरी, दुधानं कुणाचं वाईट झालंय का कधी?"

"याचं झालंय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका मोठा. "पप्पा, त्याचा पाय तुमच्या खुराकानं वाकडा झालाय. अजून दिलात तर त्याला रानात नेऊन बांधतील."

काकांनी चप्पल शोधली. पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी कुंडी ओट्यावर नव्हती. पप्पा माझ्याशी बोलायचे ते कामापुरतं, गड्याच्या खोलीत तर येईनासेच झाले. पुन्हा ताटात अर्धं राहायला लागलं. मी बरोबर होते, तरी त्याचं समाधान असं काही वाटलं नाही. गडी मात्र उतरत गेला. आधी मान बारीक झाली, मग कंबर दिसायला लागली. कण्हणं कमी झालं. भाचीनं फळीतून कान ओढला तरी तो डोळे मिटून घ्यायचा. मी वहिनीला हे रोज सांगायची. ती ऐकायची आणि भाजी चिरत राहायची.

भाऊबीजेला वहिनीचा भाऊ पिकअप घेऊन आला. ओवाळणं झालं, फराळ झाला. त्यानं फाटकाबाहेर गाडीचा मागचा फाळका पाडला. मी गड्याला पट्टा लावून अंगणात आणलं. पप्पा पायरीवर उभे होते.

"हेच न्यायचंय काय?" त्यानं वहिनीला विचारलं. "हे वाळलंय की! फोटोत तर हत्ती दिसत होतं."

वहिनी नव्या साडीनिशी पुढं आली. पदर खोचला, गड्यासमोर उकिडवी बसली आणि गाईचा खूर बघतात तसा त्याचा उजवा पाय हातात घेऊन चांगला दाबला. मनगटापाशी, मग वर, मग पुन्हा मनगटापाशी. गड्यानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि तिच्या हातांना येणाऱ्या फराळाच्या वासाकडे नाक वळवलं.

ती बराच वेळ पाय धरून होती.

"किती वर्षं जगतंय असलं कुत्रं?" तिनं मला विचारलं.

"आठ. झालं तर दहा."

"म्हणजे ही पाचवी-सहावीत जाईस्तोवर." तिनं पाय खाली ठेवला. "दादा, फाळका लाव. राहू दे." मग ती माझ्याकडे वळली. "पण ते फळ्यांचं दार काढायचं न्हाई, आणि तू घरात नसशील तेव्हा ह्याला कोण बघणार, ते आधी ठरव."

मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी घसा साफ केला. "खायाला काय आणि किती, तेवढं लिहून दे," ते म्हणाले, आणि पट्टा घ्यायला हात पुढं केला.