मावशीचे कुंवारे आणि नसलेलं बटन

मोबाइल बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर माझा पगारच रिकव्हरी मोडमध्ये जाईल. कंपनी दूरच्या मोठ्या शहरात आणि मी पांढुर्ण्यात, घराच्या वरच्या खोलीत, टेबलफॅनसमोर. फोनच्या पडद्यावर काय कुठे दिसावं, हे ठरवायचं माझं काम. आणि सध्या मी इतका पेटलेला आहे की माझ्या डोक्यावर पातेलं ठेवा, चहा उकळेल. आलं तेवढं तुम्ही टाका.

कारण एक काळा पडदा. फोन चालू होता होता बिघडला, किंवा चालू करताना चुकीची दोन बटनं एकदम दाबली गेली, की तो रुसून मागच्या खोलीत जाऊन बसतो. त्या खोलीचं नाव रिकव्हरी मोड. काळी पाटी, मुंगीच्या पायाएवढी इंग्रजी अक्षरं. काचेला तिथे बोट कळत नाही. घासून घासून तिच्यातून धूर काढला तरी नाही. फक्त कडेची बटनं चालतात. आवाज वाढवायच्या बटनानं निळी पट्टी वर सरकते, कमी करायच्या बटनानं खाली, आणि चालू-बंदचं बटन दाबलं की पट्टी ज्या ओळीवर असेल ते काम होऊन जातं. पहिली ओळ: फोन पुन्हा चालू करा. शेवटची ओळ: सगळं पुसून टाका.

आमच्या कंपनीचा एक स्वस्त फोन आहे. तिगावपासून मोहगावपर्यंत कोणाच्याही खिशात हात घाला, तोच निघतो. त्या फोनसाठी हा पडदा नव्यानं मांडायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी जीव ओतला. मराठी अक्षरं, हिंदी अक्षरं, चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही दिसतील एवढी. पुसायची ओळ वेगळ्या पानावर, दोनदा विचारल्याशिवाय काही पुसणार नाही अशी. आणि मुख्य म्हणजे पडद्याच्या कडेला बाण, या फोनचं बटन जिथे आहे बरोबर त्याच्या शेजारी: 'हे दाबा'. दुसऱ्या मॉडेलचं बटन दुसरीकडे, म्हणून त्याचा बाण दुसरीकडे. एवढी साधी गोष्ट!

साहेबांनी मीटिंगमध्ये ते जांभई देता देता पाहिलं. "अरे, हा पडदा सामान्य माणूस कधी बघतच नाही. सर्व्हिस सेंटरवाले बघतात. सगळ्या मॉडेल्सना जो तयार आहे, तोच टाक."

तयार पडदा जुन्या फोनांचा होता. त्याच्या तळाशी लिहिलेलं होतं, 'निवडण्यासाठी होम बटन दाबा.' या फोनला होम बटन नाही. समोर नाही, मागे नाही, भिंग लावून पाहिलं तरी नाही. मी ओरडलो. साहेब म्हणाले, "नोंद घेतली." आम्ही पांढुर्ण्याचे लोक, दरवर्षी जत्रेत नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकणारे; नदीच्या पलीकडे दगड कसा पोहोचवायचा हे आम्हाला कोणी शिकवायला नको, पण व्हिडिओ कॉलमधून दगड पलीकडे जात नाही, ही या यंत्राची फार मोठी उणीव आहे.

तो फोन तसाच बाजारात गेला. आणि एक दिवस जेवणाच्या ताटावर असताना सौसरहून मावशीचा फोन आला. शेजारणीच्या नंबरवरून.

"अरे पोट्ट्या, माह्या फोनचं तोंड काळं झालं!"

माझी मावशी सोयरिकी जुळवते. म्हणजे अशी जुळवते, की तिनं ठरवलं तर सातपुड्याचंही लग्न लावून देईल आणि वऱ्हाड वेळेवर आणेल. तिच्या फोनमध्ये अर्धा जिल्हा कुंवारा बसलेला आहे. फोटो, पत्रिका, आणि प्रत्येक स्थळामागे तिच्या आवाजातली टिपणी: 'पोरगा सोन्यासारखा, पण माय लय खट', 'पोरगी हुशार, रागावली तर भांडे वाजतात'. हे ज्ञान दुसरीकडे कुठेच नाही. ते गेलं, तर मावशीचा सगळा व्यवसाय गेला आणि अर्धा जिल्हा तसाच राहिला.

"मावशी, कशालाच हात लावू नको. मी येतो."

"सकाळपासून हातच लावून राहिली ना म्या! आता कायले नको म्हणतं?"

मी हात न धुता गाडी काढली. सौसरपर्यंत गाडी अशी हाणली की वाटेतली संत्र्याची झाडं बाजूला सरकून उभी राहिली.

मावशीच्या ओसरीवर निम्मी गल्ली जमलेली. मधोमध पाटावर आमच्या कंपनीचा तोच स्वस्त फोन, जसा काही आजारी माणूस. आणि त्याच्या कमरेला सायकलच्या ट्यूबचं कडं! फोन पडून पडून काच एका कोपऱ्यात उचकटली होती, म्हणून मावशीनं ट्यूब कापून चढवलेली. आमच्याकडे दर तिसरा फोन असाच फिरतो. त्या ट्यूबखाली आवाज वाढवायचं बटन दबून आत बसलेलं. बंद पडलेला फोन मावशीनं चार्ज करून चालू केला, तर एक बटन ट्यूबनं दाबलेलं, दुसरं मावशीनं. फोनला वाटलं, मागच्या खोलीत बोलावणं आलं.

मी वाकून पडदा पाहिला. निळी पट्टी सकाळपासूनच्या दाबादाबीत खाली घसरत शेवटच्या ओळीवर. 'सगळं पुसून टाका.'

मी सेफ्टी पिनेनं ते दबलेलं बटन उचकटून वर काढलं. निघालं, पण त्यात जीव नव्हता. दाबलं तरी पट्टी ढिम्म. खालचं बटन चालू, पण खाली जायला जागाच नाही, आणि तळाला गेलेली पट्टी फिरून पहिल्या ओळीवर येत नाही. तेही साहेबांच्याच मीटिंगमध्ये ठरलेलं, 'गोंधळ नको' म्हणून. बंद करावा तर बंद करायचं बटन म्हणजेच पुसायचं बटन.

"मावशी, पडदा काळा झाल्यावर हे चालू-बंदचं बटन दाबलं नाहीस ना?"

"नाही गा. शेजारणीनं वाचून सांगतलं, होम बटन दाबा म्हणते. ते हुडकून राहिली सकाळपासून. कुठं ठेवलं तुम्ही लोकायनं?"

शेजारची काकू म्हणाली, "जामसांवलीले घेऊन जा. मारुतीसमोर भलेभले सुधरते."

"दुकानात नेऊन बॅटरी काढून टाका ना," कोपऱ्यातून एक काका.

मावशी उसळली. "लोकाच्या पोरीयचे फोटो हायत त्यात! लोकायनं भरवशानं देल्ले. दुकानदाराच्या हातात देऊ?"

मग एकच उपाय उरला. फोन आपोआप मरू द्यायचा. बॅटरी पूर्ण संपली की पट्टीही संपली. कोणी हात लावायचा नाही, बस्स. पण या फोनची बॅटरी एरवी शेजारच्या घरी जाऊन येईपर्यंत टिकत नाही, आणि त्या दिवशी तिला अमरपट्टा मिळालेला. दुपार कलली, चहा झाला, चिवडा झाला, मावशीनं बसल्या बसल्या दोन स्थळांची तोंडी बोलणी केली, आणि तो काळा पडदा आमच्याकडे बघतच होता. 'होम बटन दाबा.'

तेवढ्यात माझ्या फोनवर साहेबांचा व्हिडिओ कॉल. मीटिंग सुरू झाली होती आणि मी नव्हतो. मी कॅमेरा सरळ पाटाकडे वळवला. "सर, हा बघा सामान्य माणसाला कधीच न दिसणारा पडदा. आख्खी गल्ली बघते आहे." आणि सगळं सांगितलं, होम बटनासकट.

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे चुकीची सूचना होती म्हणूनच डेटा वाचला! बरोबर सूचना असती तर त्यांनी पॉवर दाबलं असतं आणि सगळं गेलं असतं. अरे, ही तर सेफ्टी झाली आपली! असंच राहू दे ते."

माझ्या कानातून शिट्ट्या निघाल्या. खरं सांगतो, ओसरीवरची मांजर उठून गेली. मी तोंड उघडणार, तोच मावशीनं फोन माझ्या हातातून ओढला.

"साहेब, तुम्ही घराले दारच ठेवलं नाही, अन् चोर आला नाही म्हणून पेढे वाटून राहिले का?"

साहेब गोंधळले. "तसं नाही, मावशी..."

"लग्न झालं का तुमचं?"

"नाही अजून."

"वाटलंच मले," म्हणत तिनं कॉल कापला.

दिवेलागणीला पडदा विझला. गल्लीनं असा श्वास सोडला की समोरच्या घराचा पडदा हलला. मी फोन चार्जिंगला लावला, ट्यूब काढून खिशात टाकली, थोड्या वेळानं बटन दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं. थांबलं. मावशीनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे अजून तिच्या बांगडीचा ठसा आहे. मग तिच्या नातवाचा फोटो उमटला, आणि त्यामागे एकेक करत सगळे कुंवारे. मावशीनं पहिल्याच स्थळाची टिपणी लावली. तिचाच आवाज ओसरीभर घुमला, 'पोरगा सोन्यासारखा, पण माय लय खट.' कोपऱ्यातल्या काकांची बायको उठून उभी राहिली. "ही माह्याबद्दल का वो?" ते भांडण इथे सांगत नाही.

निघताना पाहतो तर मावशी ट्यूब मागते आहे. काच पुन्हा उचकटेल म्हणे. मी कात्री मागितली. ट्यूबला दोन्हीकडे बटनांपुरत्या खिडक्या कापल्या, आणि शेजारणीच्या नेलपॉलिशनं चालू-बंदच्या बटनाशेजारी लाल ठिपका दिला. मराठीत समजावलं, 'पडदा काळा झाला तर हे दाबायचं नाही, मला बोलवायचं.' मीटिंगा, आराखडे, रंग, बाण, सगळं करून माझं जे डिझाइन लोकांपर्यंत पोहोचलं ते एवढंच: कात्री आणि नेलपॉलिश. आता सौसरच्या त्या गल्लीत सगळे फोन लाल ठिपक्याचे आहेत. कंपनीचा पडदा मात्र आहे तसाच, होम बटन मागत बसलेला.

मागच्या आठवड्यात साहेबांनी खाजगीत फोन केला. आवाज एकदम मऊ. त्यांच्या आईनं कुठूनतरी मावशीची कीर्ती ऐकली होती. फोटो आणि पत्रिका पाठवली तर चालेल का? मी दातओठ खात दोन्ही गोष्टी मावशीला पाठवल्या.

मावशीनं फोटो मोठा करून पाहिला. "दिसाले बरा हाय. मोहगावची एक हाय माह्या नजरेत."

"मग कळवू त्यांना?"

"पहिले तो पडदा सुधर म्हणा. ज्याले आपल्याच फोनचं बटन कुठं हाय ते माहीत नाही, त्याच्या हातात म्या लोकाची पोरगी देऊ?"

मी हे शब्द जसेच्या तसे साहेबांना कळवले. उत्तर आलं, "नोंद घेतली."