मामांची कुंभारीण

सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद ठेवून सुखात राहणारा माणूस उभ्या जगात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. भवानी पेठेतल्या त्यांच्या खोलीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधायला घेतलं, की त्या जागेला हात लावायची सगळ्यांना बंदी. एकटीच राबणारी ही माशी म्हणजे मामांचा जीव की प्राण. तिला ओली माती मिळावी म्हणून आंघोळीतलं तांब्याभर पाणी वाचवून ते तुळशीच्या कुंडीत ओततात. पिल्लासाठी ती हिरवी अळी घेऊन आली की भरल्या ताटावरून उठतात. एकदा तिने कपाटाच्या कुलपातच घर केलं, तर हे गृहस्थ भाचीच्या, म्हणजे आमच्याच लग्नात शेजाऱ्याचा सदरा घालून आले. वर मलाच म्हणाले, "बाळंतिणीला कसं उठवायचं हो?"

गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तिचं घर पंख्याच्या बटणावर होतं. बायको स्वयंपाकघरात होती. मामा सात रस्त्याला चष्मा आणायला निघाले. "जावईबापू, तेवढं लक्ष ठेवा. आज दार लिंपायलीय ती."

पंधरा मिनिटं मी घामाने निथळत बसलो. मग चमच्याच्या दांड्याने ते घर खरवडलं आणि पंखा लावला. फरशीवर चार अळ्या पडल्या, अजून किंचित हलणाऱ्या. त्या मी झाडूने मोरीत लोटल्या. तेवढ्यात ती आली, तोंडात मातीची गोळी घेऊन, आणि रिकाम्या बोर्डापुढे घिरट्या घालू लागली. मी पंखा बंद केला. आता कशासाठी, कोण जाणे.

मामा आल्यावर मी म्हणालो, "पालीनं पाडलं."

ते बोर्डापाशी गेले. "माझंच चुकलं. आज जायला नको होतं." आणि जेवताना भाचीला म्हणाले, "तुझा नवरा लई गुणाचा हाय बघ. एवढं उकडत होतं, पन बोर्डाला हात लावला न्हाई."



पुढच्या रविवारी खरं सांगून टाकायचं ठरवून एकटाच गेलो. दारातूनच सुरुवात केली, "मामा, त्या दिवशी..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खिडकीच्या चौकटीवर मातीचा ओला ठिपका दिसत होता. चटईवर सरकून त्यांनी मला जागा दिली. "बोलू नका. नवी जागा हाय, बुजंल ती."

मी बोललो नाही. आजतागायत बोललेलो नाही.