बरगडीवरची टकटक

मुलांनो, काल यकृताच्या तपासणीसाठी मी उजवा हात डोक्याखाली घेऊन टेबलावर पडले होते. सुई नाही, चिरफाड नाही. एक बोथट दांडी बरगड्यांमध्ये टेकवतात आणि ती टकटक करते. आत कोंडलेल्या माणसाचं दार कुणी बाहेरून ठोठावावं तशी. उठून पळावंसं वाटत होतं.

"आजी, हलू नका," तपासणारी मुलगी म्हणाली.

यकृत कडक झालं असेल तर पुढचं अवघड, एवढं मला ठाऊक होतं. पण दारूचा थेंब न घेता हे कसं? रक्तातली साखर, सुटलेलं पोट आणि यकृत एकाच साखळीत अडकलेली असतात, असं डॉक्टर म्हणाले होते. पडल्या पडल्या त्या साखळीत मला माझे उपास दिसू लागले. तुपातली खिचडी, वर गुळातली रताळी. रोजच्या जेवणापेक्षा उपासालाच मी जास्त खात आले.

यकृत अजून मऊ निघालं. चरबी मात्र भरपूर. "वजन उतरवा. साबुदाणा बंद," डॉक्टरांनी बजावलं.

घरी येताच तुमचे आजोबा स्वयंपाकघरात गेले. "उद्या चतुर्थी. आता उपासाला तू खाणार तरी काय गं?" असं पुटपुटत त्यांनी काळजीने साबुदाणा भिजत घातला.