कपाटामागची भिंत

मुलांनो, दिवाळीत याल तेव्हा तुमची नेहमीची खोली ओळखू येणार नाही. लाकडी कपाट नाही, भिंत विटांपर्यंत खरवडलेली. धाकटे, तुला दमा आहे, म्हणून कारण आधीच लिहिते.

यंदा पावसाळाभर आजोबा त्या खोलीत झोपत आणि खोकत होते. मी म्हणे, वय झालं. ते म्हणत, हवा बदलली. मग ते नेरला बहिणीकडे राहायला गेले. तिचा फोन आला, "वहिनी, दादा अठी एकडाव बी खोकलला नाही. खोकला तुमच्यापाशीच ठिऊन आला काय?"

मी हसले. ते परतले, दुपारी त्या खोलीत आडवे झाले आणि थोड्याच वेळात धडपडत उठून बसले. छातीतून शिट्टी वाजत होती. बोलता येईना.

दवाखान्यात वाफ दिल्यावर श्वास मोकळा झाला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल कुठे आहे?"

"आमच्याकडे?" मी जवळजवळ रागावले. रोज फिनाइलने फरशी पुसते मी.

"वास?"

ओल्या गोणपाटासारखा वास होता खरा. तो मी पावसाचाच धरला होता.

शेजाऱ्यांना बोलावून कपाट ओढलं. मागची भिंत कमरेपर्यंत काळी, आणि त्या काळ्यावर लव, जनावराच्या कातडीवर असते तशी. आजोबांची उशी तिथून हातभर अंतरावर होती.

मृग लागला की आपल्याकडे खिडकीतला कूलर उतरवतात. यंदा जड म्हणून आम्ही तो तसाच ठेवून वर प्लास्टिक बांधलं. तरी टाकीत पावसाचं पाणी साचलं, भिंतीत मुरलं, आणि बंद खिडकीमुळे वाळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, बुरशीचे न दिसणारे कण श्वासातून आत जातात. सगळ्यांनाच बाधतात असं नाही. पण दमेकऱ्यांना, म्हाताऱ्यांना, लहान मुलांना जपावं लागतं. नुसता रंग मारून भागत नाही, आधी ओल थांबवायची.

कपाटात सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या होत्या. उलगडल्या, तर घडीघडीत काळे ठिपके.

"उनात टाक, होते बराबर," आजोबा म्हणाले.

"तुमचा श्वास हवा की गोधडी?"

नाकाला फडकं बांधून मी सगळ्या पोत्यांत भरल्या आणि टाकून दिल्या.

आता ते पुढच्या खोलीत झोपतात. शिट्टी थांबली आहे. नेरला जाताना त्यांनी पांघरायला एक गोधडी नेली होती, ती तिथेच विसरून आले. तेवढी एक शिल्लक आहे.